दिल्लीचा कायदा, देशाचा तपास

केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली सीबीआय, १ एप्रिल १९६३ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या एका ठरावाने अस्तित्वात आली. संसदेने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा तेव्हा केला नाही आणि त्यानंतरच्या सहा दशकांतही केलेला नाही. गुन्हा नोंदवणे, घराची झडती घेणे, आरोपीला अटक करणे, न्यायालयात आरोपपत्र ठेवणे, हे सारे पोलिसी अधिकार ती वापरते ते १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियमाखाली. हा कायदा नावाप्रमाणे मुळात दिल्लीसारख्या केंद्रशासित मुलखापुरता आहे. देशभरातल्या बँका, रेल्वे, संरक्षण खरेदी, राजकीय खून आणि बॉम्बस्फोट यांचा तपास करणारी यंत्रणा एका छोट्याशा, शहराच्या नावाच्या कायद्यावर उभी आहे, ही गोष्ट सामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसते. सीबीआयवर होणाऱ्या टीकेतली बरीचशी भांडणे मात्र इथूनच सुरू होतात.

या यंत्रणेचा उगम युद्धकाळातला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारची खरेदी अफाट वाढली. तंबू, कापड, लाकूड, धान्य यांच्या कंत्राटांत लाचखोरीही तितकीच वाढली. प्रांतिक पोलिसांना ती आवरेना, म्हणून १९४१ मध्ये युद्ध व पुरवठा खात्यापुरते ‘विशेष पोलीस आस्थापना’ नावाचे पथक उभारण्यात आले. त्याचे मुख्यालय लाहोरला होते. युद्ध संपले, पण लाचखोरी संपली नाही. पथक चालू ठेवायचे तर त्याला कायद्याचा आधार हवा होता, आणि तो १९४६ च्या अधिनियमाने मिळाला. पथकाचा ताबा गृहखात्याकडे गेला आणि कार्यक्षेत्र केंद्राच्या सर्व खात्यांपर्यंत पसरले.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला भ्रष्टाचाराचा प्रश्न संसदेत वारंवार गाजू लागला. लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली भ्रष्टाचार प्रतिबंधासाठी समिती नेमली गेली. केंद्रीय दक्षता आयोग १९६४ मध्ये स्थापन झाला तो या समितीच्या शिफारशीवरून. समितीचे काम चालू असतानाच १९६३ च्या ठरावाने जुन्या पथकाला नव्या, मोठ्या घरात आणून बसवले, आणि त्या घराचे नाव सीबीआय. पहिले संचालक डी. पी. कोहली १९६८ पर्यंत पदावर होते. शिस्तीची आणि सचोटीची जी प्रतिमा सीबीआयने पुढे बराच काळ मिरवली, ती घडवण्यात त्यांचा वाटा मोठा. पुढे विभाग कार्मिक खात्याकडे आणि पर्यायाने पंतप्रधानांच्या अखत्यारीत गेला. तो आजही तिथेच आहे.

भारतीय राज्यघटनेत ‘पोलीस’ हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. केंद्राच्या सूचीत आठव्या क्रमांकावर केंद्रीय गुप्तवार्ता व अन्वेषण विभागाचा उल्लेख आहे खरा, पण त्याचा अर्थ किती ताणायचा हा वाद संविधान सभेतच झाला होता. ऑगस्ट १९४९ मधल्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले होते, की इथले अन्वेषण म्हणजे काय चालले आहे याची सर्वसाधारण चौकशी. गुन्ह्याचा पोलिसी तपास त्यात येत नाही, तो पोलिसांचाच. त्यामुळे केंद्राच्या यंत्रणेला राज्यात पाऊल टाकायचे तर राज्याची संमती हवी, आणि १९४६ च्या अधिनियमाचे सहावे कलम नेमके हेच सांगते. पाचव्या कलमान्वये केंद्र आपल्या पथकाचे अधिकार राज्यांत विस्तारू शकते, पण सहाव्या कलमाची संमती नसेल तर तो विस्तार कागदावरच राहतो. हे दोन शेजारी एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत असे म्हटले तरी चालेल.

या कायदेशीर पायाची सर्वांत कडक परीक्षा ६ नोव्हेंबर २०१३ रोजी गुवाहाटी उच्च न्यायालयात झाली. १९६३ चा ठराव हा कायदा नव्हे, मंत्रिमंडळाचा निर्णयही नव्हे, आणि १९४६ च्या अधिनियमाखाली सीबीआय स्थापन झाली असे मानता येत नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. याचा अर्थ सीबीआयने नोंदवलेले गुन्हे आणि केलेल्या अटका यांच्यावर एका रात्रीत प्रश्नचिन्ह! केंद्र सरकार धावत सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश पी. सदाशिवम यांनी शनिवारी, ९ नोव्हेंबरला, आपल्या निवासस्थानी सुनावणी घेऊन निकालाला स्थगिती दिली. यंत्रणा वाचली, पण गुवाहाटीने विचारलेल्या प्रश्नाचे संसदेने द्यायचे उत्तर त्या स्थगितीत नव्हते. तसे पाहता हा प्रश्न नवाही नव्हता. एल. पी. सिंह समितीने १९७८ मध्येच स्वतंत्र, सर्वंकष कायद्याची शिफारस केली होती, आणि संसदेच्या स्थायी समितीनेही २००८ मध्ये तीच गोष्ट पुन्हा सांगितली. दरम्यान केंद्रात जवळजवळ प्रत्येक मोठ्या पक्षाची किंवा आघाडीची सत्ता येऊन गेली. असा कायदा आणण्याची घाई एकालाही झाली नाही.

वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर दिसणारी सीबीआय आणि रोजची सीबीआय यांत बरेच अंतर आहे. तिचे काम तीन मुख्य शाखांत चालते : भ्रष्टाचार, आर्थिक गुन्हे आणि विशेष गुन्हे. इंटरपोलशी भारताचा व्यवहारही तिच्याच मार्फत होतो. संचालक आणि वरिष्ठ अधिकारी बहुधा भारतीय पोलीस सेवेतून प्रतिनियुक्तीवर येतात आणि त्यांतले बरेच काही वर्षांनी आपापल्या राज्यांत परततात. म्हणजे जो अधिकारी आज एखाद्या मुख्यमंत्र्याची चौकशी करतो, तो उद्या त्याच मुख्यमंत्र्याच्या हाताखाली काम करण्याची शक्यता असते.

रोजच्या कामाचा मोठा भाग असतो लाचेच्या सापळ्याचा. रेल्वेचा अभियंता, आयकर किंवा सीमाशुल्क खात्यातला अधिकारी, सरकारी बँकेचा व्यवस्थापक असा कोणी पैसे मागतो आणि तक्रारदार सीबीआयकडे येतो. मागणीची आधी खातरजमा होते. मग नोटांचे क्रमांक लिहून घेतले जातात आणि नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावली जाते. ही पूड डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. पंच म्हणून बहुधा दुसऱ्या सरकारी कार्यालयातले कर्मचारी बोलावतात, त्यांच्यासमोर ही तयारी होते आणि पंचनामा लिहिला जातो. तक्रारदार पैसे देतो, ठरलेली खूण करतो, पथक आत शिरते. लाच घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली, की पाणी गुलाबी होते. ते बाटलीत भरून, सील करून प्रयोगशाळेकडे जाते. महाराष्ट्रात राज्याचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग तलाठी आणि पोलिसांसाठी हेच करतो. सीबीआय करते ते केंद्राच्या नोकरांसाठी. यात राजकारण फारसे नसते, म्हणून ते बातम्यांतही फारसे नसते. अलीकडच्या वर्षांत सीबीआयच्या खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण ६५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान दिसते. देशातल्या पोलिसी तपासाची एकूण स्थिती पाहता हा आकडा वाईट नाही. मात्र भ्रष्टाचाराचे सुमारे ७००० खटले न्यायालयांत पडून आहेत आणि त्यांतले कितीतरी दहा वर्षांहून जुने आहेत, हेही त्याच्या शेजारी ठेवून वाचावे लागते.

दुसऱ्या प्रकारची प्रकरणे राज्यांकडून किंवा न्यायालयांकडून येतात. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. मुंबई पोलिसांनी बराचसा तपास केल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रकरण सीबीआयकडे गेले आणि टाडा न्यायालयाने १०० जणांना दोषी ठरवले. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा पोलिसांच्या तपासावर विश्वास उरला नाही म्हणून मे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो सीबीआयकडे सोपवला आणि पुढे अनेक वर्षे त्यावर स्वतः देखरेख ठेवली. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. खुनाचे सूत्रधार वेगळेच आहेत, आणि पुणे पोलीस काय की सीबीआय काय, कुणालाच ते उघडे पाडता आले नाहीत, असे न्यायालयाने निकालात नोंदवले. स्थानिक पोलिसांकडून काढून सीबीआयकडे दिले की सत्य बाहेर येणारच, हा समज महाराष्ट्रात खूप खोलवर आहे. दाभोलकर प्रकरणाने त्याला निम्मेच बळ दिले.

राज्याची संमती नसतानाही न्यायालय सीबीआय तपासाचा आदेश देऊ शकते काय, हा प्रश्न पश्चिम बंगालमधल्या एका हिंसाचाराच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे आला. सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालये तसा आदेश देऊ शकतात, मात्र तो क्वचित आणि अपवादात्मक परिस्थितीतच द्यावा, असे उत्तर १७ फेब्रुवारी २०१० रोजी मिळाले. तरी पुढाऱ्यांच्या भाषणांत, मोर्चांत आणि वाहिन्यांवर ‘सीबीआय चौकशी करा’ ही मागणी इतकी सरसकट होते, की अपवाद हा शब्द तिथे नावालाही शिल्लक नाही.

राजकीय वापराचा आरोप सीबीआयच्या जन्मापासूनच तिच्या मागे आहे, पण त्याचे ठसठशीत दर्शन घडले ते सत्तरच्या दशकात. मारुती कंपनीविषयीच्या संसदीय प्रश्नाचे उत्तर तयार करायचे म्हणून माहिती गोळा करणाऱ्या चार सरकारी अधिकाऱ्यांच्या मागे १९७५ मध्ये सीबीआय लावली गेली, हे आणीबाणीनंतर शहा आयोगापुढे उघड झाले. सत्ता बदलली आणि तेच हत्यार उलट दिशेला फिरले. ३ ऑक्टोबर १९७७ रोजी संध्याकाळी सीबीआयचे अधिकारी इंदिरा गांधींना अटक करायला त्यांच्या दिल्लीतल्या घरी गेले. आरोप होते निवडणुकीसाठी जीपगाड्या मिळवल्याचे आणि तेलाच्या एका कंत्राटाचे. बेड्या कुठे आहेत, अशी त्यांनी विचारणा केली आणि घराबाहेर गर्दी जमेपर्यंत वेळ घेतला. त्यांना हरियाणात नेण्याचा बेत होता. वाटेत रेल्वे फाटक बंद असल्याने गाड्या थांबल्या, तेव्हा त्या खाली उतरून मोरीच्या कठड्यावर बसल्या. दिल्लीच्या हद्दीबाहेर न्यायचा आदेश दाखवा, असा त्यांच्या वकिलांनी हट्ट धरला आणि ताफा परत फिरला. दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांनी पुराव्याअभावी त्यांची सुटका केली. जनता सरकारची पुरती शोभा झाली आणि इंदिरा गांधींना राजकारणात परतायला वाट मिळाली. अपुऱ्या तयारीने, वरच्या घाईने केलेली कारवाई आरोपीच्याच पथ्यावर पडते, हे त्या एका रात्रीत दिसले. तरी पुढच्या सरकारांनी त्यातून धडा घेतल्याचे फारसे आढळत नाही.

सीबीआयवर सरकारचा नव्हे तर कायद्याचा अंकुश असावा, यासाठीचा खरा प्रयत्न न्यायालयातून झाला. १९९१ मध्ये दिल्लीत एका दहशतवादी संघटनेच्या सदस्याला अटक झाली आणि हवाला व्यवहाराचा धागा जैन बंधूंपर्यंत पोहोचला. त्यांच्याकडे सापडलेल्या डायऱ्यांत सर्वपक्षीय नेत्यांची आणि अधिकाऱ्यांची आद्याक्षरे व त्यांपुढे रकमा होत्या. सीबीआयने त्या जवळजवळ झाकून ठेवल्या. पत्रकार विनीत नारायण यांनी १९९३ मध्ये याचिका केली. न्या. जे. एस. वर्मा यांच्या पीठाने एकदाच आदेश देऊन सोडून न देता वेळोवेळी अहवाल मागवत तपास पुढे रेटला. १८ डिसेंबर १९९७ च्या निकालाने संचालकाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ दिला, दक्षता आयोगाला वैधानिक दर्जा देण्यास सांगितले आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या चौकशीआधी सरकारची परवानगी घ्यायला लावणारे ‘एकल निर्देश’ रद्द केले. विरोधाभास असा, की ज्या खटल्यांमुळे हे सगळे घडले ते टिकले नाहीत. डायरीतल्या नोंदी एकट्या पुरावा म्हणून पुरत नाहीत, असे सांगत न्यायालयांनी नेत्यांना दोषमुक्त केले. संसदेने २००३ च्या कायद्याने एकल निर्देश मागल्या दाराने पुन्हा आणले. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१४ मध्ये पुन्हा रद्द केले, तर २०१८ च्या दुरुस्तीने पूर्वपरवानगीची अट भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात १७अ कलम म्हणून परत आली, आणि आता ती सर्वच पदांच्या लोकसेवकांना लागू आहे.

‘पिंजऱ्यातला पोपट’ हे सीबीआयविषयीचे शब्द ८ मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयातल्या न्या. आर. एम. लोढा यांच्या पीठाकडून आले. कोळसा खाणींच्या वाटपाचा तपास न्यायालयाच्या देखरेखीखाली चालू होता. न्यायालयाला द्यायचा अहवाल आधी कायदामंत्र्यांनी आणि पंतप्रधान कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी पाहिला, त्यात बदलही झाले, हे संचालक रणजित सिन्हा यांच्या प्रतिज्ञापत्रातून बाहेर आले. न्यायालयाच्या मते अहवालाचा गाभाच बदलला होता. कायदामंत्री अश्विनीकुमार यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच वर्षी सिन्हा यांना टूजी दूरसंचार परवान्यांच्या तपासापासून दूर राहण्याचा आदेश त्याच सर्वोच्च न्यायालयाने दिला. सरकारी हस्तक्षेप मान्य करणारा संचालक स्वतःच संशयाच्या भोवऱ्यात सापडावा, याहून त्या काळाचे नेमके चित्र मिळणार नाही.

टूजी प्रकरणही असेच शिकवणारे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले. प्रकरणाची राजकीय किंमत तत्कालीन सरकारने मोजली. पण २१ डिसेंबर २०१७ रोजी विशेष न्यायाधीश ओ. पी. सैनी यांनी सर्व आरोपींना निर्दोष सोडले. ग्राह्य पुरावा घेऊन कुणीतरी येईल म्हणून आपण सात वर्षे रोज न्यायालयात बसून राहिलो, पण कुणीच आले नाही, या आशयाची खंत त्यांनी निकालपत्रात नोंदवली. याच्या उलट बिहारचा चारा घोटाळा. पाटणा उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तपास सोपवला, सहसंचालक यू. एन. विश्वास यांनी तो नेटाने चालवला आणि २०१३ मध्ये लालूप्रसाद यादव दोषी ठरले. यश मिळाले, पण तिथे पोहोचायला १७ वर्षे लागली.

दोन वरिष्ठांचे उघड भांडण ऑक्टोबर २०१८ मध्ये देशाने पाहिले. संचालक आलोक वर्मा यांच्या कारकिर्दीत सीबीआयने आपलेच विशेष संचालक राकेश अस्थाना यांच्यावर लाचेचा गुन्हा नोंदवला, आपल्याच एका उपअधीक्षकाला अटक केली आणि आपल्याच मुख्यालयात झडती घेतली. अस्थाना यांनीही वर्मांवर प्रत्यारोप केले होते. २३ ऑक्टोबरच्या मध्यरात्री सरकारने दोघांनाही रजेवर पाठवले. संचालकाची निवड करणाऱ्या समितीला न विचारता त्याचे अधिकार काढता येत नाहीत, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०१९ रोजी वर्मांना पद परत दिले. दोनच दिवसांत त्या समितीने दोन विरुद्ध एक मताने त्यांना हटवले. अस्थानांना पुढे त्या प्रकरणात सीबीआयनेच निर्दोष ठरवले. संचालकाच्या निवडीत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले न्यायाधीश असावेत, ही तरतूद लोकपाल कायद्याने केली ती तटस्थपणासाठी. तीच तरतूद संचालकाला हटवण्याचीही रीत ठरली.

नागरिकाला थेट पाहता येईल असा झरोका तर आणखी अरुंद आहे. जून २०११ च्या अधिसूचनेने सीबीआयला माहिती अधिकार कायद्यातून सूट मिळाली. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती तेवढी त्या सुटीबाहेर आहे, आणि नेमकी ती मिळवण्यासाठीच अर्जदारांना न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागतात.

राज्यांनी छाननीचा जो मार्ग शोधला तो सहाव्या कलमाचा. पूर्वी बहुतेक राज्यांनी सरसकट संमती देऊन ठेवलेली असे. आंध्र प्रदेश आणि पश्चिम बंगालने ती नोव्हेंबर २०१८ मध्ये काढून घेतली आणि मग रांगच लागली. महाराष्ट्राने २१ ऑक्टोबर २०२० रोजी ती मागे घेतली. मुंबई पोलीस टीआरपी घोटाळ्याचा तपास करत असताना लखनौला तशीच फिर्याद नोंदली गेली होती आणि उत्तर प्रदेश सरकारने ती तत्काळ सीबीआयकडे दिली होती. आपल्या पोलिसांच्या हातातला तपास असा शेजारच्या दाराने जाऊ शकतो, हे महाविकास आघाडी सरकारच्या लक्षात आले. तरीही पुढच्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांची चौकशी सीबीआयकडेच गेली, कारण न्यायालयाच्या आदेशाला संमतीची अडचण नसते. शिंदे सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये संमती पुन्हा बहाल केली. कर्नाटकाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती काढली. कुठल्या राज्यात केव्हा संमती होती याचा तक्ता मांडला, तर तो त्या त्या वेळी केंद्र आणि राज्यात कोण होते याच्या तक्त्याशी बव्हंशी जुळतो. आधीच सुरू झालेल्या तपासाला मागाहून काढलेली संमती रोखू शकत नाही, हे १९९४ पासून ठरलेले आहे.

पश्चिम बंगालने याहून पुढचे पाऊल टाकले. संमती मागे घेतल्यावरही सीबीआय गुन्हे नोंदवतच राहिली, म्हणून राज्याने घटनेच्या अनुच्छेद १३१ खाली केंद्राविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. केंद्राचा बचाव असा होता, की गुन्हे केंद्राने नव्हे तर सीबीआयने नोंदवले आहेत. सीबीआय स्वतंत्र आहे, तेव्हा केंद्राला प्रतिवादी करण्याचे कारण नाही. न्या. भूषण गवई आणि न्या. संदीप मेहता यांनी १० जुलै २०२४ रोजी तो बचाव फेटाळला. पथक स्थापन करणे, गुन्ह्यांचे प्रकार ठरवणे, अधिकार राज्यांत विस्तारणे आणि देखरेख ठेवणे या प्रत्येक टप्प्यावर १९४६ च्या अधिनियमात केंद्र सरकारच उभे आहे, असे दाखवून त्यांनी दावा पुढे चालवण्यास परवानगी दिली.